गच्चीवरची खाण

साहेब, सुकापूरच्या एका सरळमार्गी माणसाला तुम्ही खाणमालक करून टाकलंत. तुमचं नाव घेत नाही. खुर्ची तुमची आहे, ओळखाल.

दीनानाथ हा तो माणूस. नोकरीतून निवृत्त, स्वतःचं घर, वर स्वतःची गच्ची. मुलीचा, मितालीचा, साखरपुडा येत्या रविवारी त्याच गच्चीवर. पनवेलमधला एकही हॉल आपल्या गच्चीच्या पासंगाला पुरणार नाही, असं तो दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवून बसला होता. तोवर गच्ची त्याच्या बायकोच्या, शशिकलाबाईंच्या ताब्यात होती. मे महिना, प्लास्टिकवर आमसुलं वाळत पडलेली.

सोमवारी खाण खात्याची नोटीस आली. विमानातून केलेल्या पाहणीत आपल्या गच्चीवर लोहखनिजाचा विनापरवाना साठा आढळला आहे, सबब गच्ची सील.

"बाबा, सासरी सांगू का, आम्ही खाणवाले?" मिताली म्हणाली. "वजन पडेल."

दीनानाथ आमसुलांचा डबा घेऊन खात्याच्या पनवेलच्या ऑफिसात धडकला. संगणकावर चारुता नावाची मुलगी होती. तिने समजावलं, की विमानातला कॅमेरा प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाचे शेकडो बारीक भाग करतो. प्रत्येक वस्तूची उजेडातली सही निराळी. ती सही संग्रहातल्या सह्यांशी जुळवायची, की वस्तूचं नाव कळतं.

"मग तुमच्या संग्रहात आमसूल कुठाय?"

"संग्रह वाळवंटी देशातून आणलाय, काका. त्यात दगडच फार."

जुळलं नाही तर 'अनोळखी' लिहायची सोय यंत्रात होती. पण अहवालात अनोळखी फार दिसायला लागलं, तशी साहेबांनी, म्हणजे तुम्हीच, ती सोयच बंद करायला लावली. तेव्हापासून यंत्राची गत लग्नात भेटलेल्याचं नाव आठवेना म्हणून "काय बंडूशेठ!" ठोकून देणाऱ्या माणसासारखी झाली.

तेवढ्यात साहेब आले. दीनानाथने डबा पुढे केला. साहेबांनी एक आमसूल तोंडात टाकलं, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं.

"लागतंय आमसुलासारखं," ते म्हणाले. "पण चव हा पुरावा होत नाही."

मग चारुतानेच तोड काढली. आमसूल दिव्याखाली ठेवून यंत्राने त्याची सही घेतली, संग्रहात घातली आणि सगळी जुळणी पुन्हा चालवली. दीनानाथची गच्ची आमसुलाची ठरली! त्याने पडद्याला हात जोडले.

हात सोडतो तोच शेजाऱ्यांची कौलं आमसूल झाली. मग पुढची लाल माती. मग रंगवलेल्या टाक्या, शाळेचं मैदान, शेवटी ऑफिसचं स्वतःचं छप्पर. कॅमेऱ्याला लाल दिसलं की आमसूल!

चारुता हळूच म्हणाली, "सर, 'अनोळखी' परत चालू करू या."

"आणि वर काय सांगू? खात्याला ओळख पटत नाही?" साहेब खुशीत होते. एका तालुक्यात एवढं आमसूल त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. अहवाल त्याच दुपारी वर गेला.

शुक्रवारी दुसरी नोटीस. गच्ची आता खाण नव्हती. सुकापूरभर पसरलेल्या विनापरवाना आमसूल कारखान्याचं ते मुख्य केंद्र होतं. सील कायम.

"आमसुलं वर, कुलूप खाली," शशिकलाबाई म्हणाल्या. "आणि परवा पाहुणे दारात. अहो, आता बोला ना त्या साहेबाशी."

दीनानाथला तुमच्यापुढे बोलता येत नाही, म्हणून मी विचारतो. मितालीच्या सासरच्यांना कुठे बसवायचं? जिन्यात की रस्त्यावर? उत्तर द्या साहेब. यंत्राचं नको, तुमच्या तोंडचं द्या, आणि रविवारच्या आत द्या.