विचार करण्याचे शुल्क

माझी बाळंतपणाची रजा संपायला बेचाळीस दिवस उरले असताना मी सरकारला एक प्रश्न विचारला. आमच्या रस्त्याच्या टोकाला जे पाळणाघर आहे, त्याची गेल्या वर्षी सरकारी तपासणी झाली होती. तिचा दोन पानी अहवाल मला वाचायला मिळेल का? रजा संपली की माझी ठकी रोज नऊ तास तिथे राहणार होती. ठकी आठ महिन्यांची. हाताला लागेल ते तोंडात घालते आणि उंबरा दिसला की ओलांडते. तिची आई झाल्यापासून मला जगात जिना, खिडकी, वायर आणि गरम पाण्याची बादली याखेरीज काही दिसत नाही.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. अहवाल नव्हे, शुल्कपत्र. अहवाल शोधणे : अकरा तास. अहवाल वाचणे : चार तास. अर्जदाराने पाहू नये असा मजकूर काळा करणे : तीन तास. अहवाल द्यावा की देऊ नये याचा विचार करणे : दोन तास. एकूण रक्कम पाळणाघराच्या दीड महिन्याच्या फीइतकी.

नवरा म्हणाला, भरून टाक आणि मोकळी हो. हा माणूस भाजीवाल्याशीही घासाघीस करत नाही. मी पदवीला राज्यशास्त्र घेतलं होतं. नागरिकांच्या हक्कांवरच्या प्रश्नाला मला दहापैकी नऊ गुण होते आणि ते इतकी वर्षं नुसते पडून होते. मी म्हटलं, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. हे वाक्य ज्या घरात उच्चारलं जातं तिथे पुढे महिनाभर वेळेवर जेवण होत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ठकीला कडेवर घेऊन मी त्या कार्यालयाच्या खिडकी क्रमांक चारवर गेले. तिथले लिपिक अतिशय सभ्य निघाले, आणि हीच या प्रकरणातली पहिली अडचण. भांडायला कुठून सुरुवात करावी ते कळेना. दोन पानं शोधायला अकरा तास कसे लागतात, असं मी विचारलं. त्यांनी मागच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

"फाईल तिथे दुसऱ्या खणात आहे, मॅडम. निळी."

"मग?"

"पण नियमाप्रमाणे आधी ती जिथे नाही तिथे शोधावी लागते. नाहीतर शोधली असं कसं म्हणायचं?"

हे मला पटलं, आणि पटलं याचाच राग आला.

हरकत घ्यायची तर नमुना सात भरा, हे त्यांनीच सांगितलं. पेनही त्यांनीच दिलं. माहिती सार्वजनिक हिताची असेल तरच शुल्क माफ होतं. कारणाच्या रकान्यात मी 'माझी मुलगी' असं लिहिलं. स्वतःचं मूल वैयक्तिक हितात मोडतं, असा शेरा घेऊन नमुना परत आला; इतरांच्या मुलांचीही काळजी वाटत असल्यास पुरावा जोडावा. तेव्हा पाच संध्याकाळी मी पाळणाघराच्या फाटकाशी उभी राहिले आणि पालकांच्या सह्या गोळा केल्या. एकतीस झाल्या. बहुतेकांनी स्कूटर बंद न करताच सही ठोकली. एकाने मला लस टोचणारी बाई समजून मुलाची बाही वर केली. सह्या जोडल्या, तर सुधारित शुल्कपत्र आलं : लाभार्थी बत्तीस झाल्याने शुल्क बत्तीसपट करण्यात येत आहे.

मी अपील केलं. पहिल्या सुनावणीत ठकीने सरकारी कागदाचा कोपरा चावून गिळला. पुरावा हस्तगत होईपर्यंत सुनावणी तहकूब झाली आणि यापुढे दालनात मुलं आणू नयेत, असा आदेश निघाला. आई माझी परगावी, सासूबाई गुडघ्यांनी बेजार, नवरा कामावर. सुनावणी सकाळी साडेदहाची. एवढ्या सकाळी मूल ठेवून घेणारी जागा आमच्या भागात एकच होती.

फक्त दोन तास, असं मी पाळणाघराच्या मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, निवांत जा. निवांत हा शब्द मी आठ महिन्यांत ऐकला नव्हता.

"मूल आता कुठे आहे?" अपील अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"तिथेच."

"म्हणजे ज्या जागेची तुम्हाला काळजी वाटते, त्याच जागेत?"

"तुमच्याकडे यायचं म्हणून ठेवलंय, साहेब."

त्यांनी लिहून घेतलं : अर्जदाराचा सदर संस्थेवर विश्वास असल्याचे दिसते, सबब तातडी उरत नाही. पुढची तारीख पडली ती नेमकी माझ्या रजेच्या शेवटच्या दिवसाची.

मधल्या दिवसांत मला युक्तिवाद तयार करायचा होता, म्हणून ठकी रोज अर्धा दिवस पाळणाघरात जाऊ लागली. ती तिथे जाते म्हणून अहवाल हवा होता, आणि अहवाल हवा होता म्हणून ती तिथे जात होती. ती पहिल्यांदा भिंतीला धरून उभी राहिली ते मावशींनी पाहिलं. मी तेव्हा कलम नऊ, पोटकलम तीन पाहत होते.

आणि मी जिंकले. विचार करण्याचे शुल्क आकारता येणार नाही, कारण विचार झाल्याचा कोणताही पुरावा फाईलमध्ये आढळला नाही. बाकीची शुल्कं त्याच कागदावर असल्याने तीही रद्द. अहवाल मला, आणि यापुढे कुठल्याही पाळणाघराचा अहवाल मागेल त्या प्रत्येकाला, मोफत. लिपिकांनी उभं राहून अभिनंदन केलं आणि निळी फाईल काढली. अकरा सेकंद लागले.

घरी अहवालाचं बंद पाकीट टेबलावर ठेवलं. नवऱ्याने कडेखाली बोट घातलं.

"फोडू?"

"थांब."

"अगं, आता कशाला थांबायचं?"

ठकीचं खाणं होऊ दे, म्हटलं. ते झालं. मग म्हटलं, उद्याचा डबा ठरू दे. तोही ठरला. दुसरं पाळणाघर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथली प्रतीक्षा यादी चौदा महिन्यांची. पाकिटात काही वाईट निघालं तर सकाळी ठकीला कुठे ठेवायचं, ही माहिती कुठल्याच खिडकीवर मिळत नव्हती. नवऱ्याने बोट काढून घेतलं. पाकीट फ्रीजवर गेलं.

सकाळी फाटकाशी सही करणाऱ्यांपैकी एक वडील भेटले. त्यांनी माझं तोंडभरून कौतुक केलं, मग आवाज उतरवला.

"ताई, त्यात काही वाईटसाईट असेल तर आम्हाला सांगू नका हं. आमची दुसरी सोय नाहीये."

पालक कशाला म्हणतात यावर मी त्यांना चार शब्द सुनावणार होते. पण नऊ वाजत आले होते.

"नाही सांगत," मी म्हटलं.

याला सहा महिने झाले. दर रविवारी मी ते पाकीट उचलते, फ्रीज पुसते आणि पाकीट परत ठेवते. परवा लिपिकांना विचारलं, माझ्या निकालानंतर किती पालक अहवाल घेऊन गेले? अजून कुणी आलेलं नाही, ते म्हणाले, आणि मला बसायला खुर्ची दिली.

पाकिटात काय आहे, याची उत्सुकता तुम्हाला लागली असेल. लागायलाच हवी. माझ्या लढ्यामुळे ती माहिती आता पूर्ण मोफत आहे; आणि फक्त ह्याच पाळणाघराची नव्हे, तुमचं मूल जिथे जातं त्याचीसुद्धा. साडेदहा ते पाच. रांग अजिबात नसते.