लाल म्हणजे गेलं

ग्लेन पार्मेंटरचा पाय प्लास्टरमध्ये नसता तर यातलं काहीच घडलं नसतं. पाय मोडला कसा, हे तो लोकांना सांगायचा तेव्हा त्यात एक दांडगा मेंढा असे आणि ग्लेनने त्याला शिंगांना धरून लोळवलेला असे. खरं म्हणजे मागच्या दाराला दोन पायऱ्या होत्या, आणि हातात चहाचा मग घेऊन तो त्यातली एकच उतरला होता. (तो मग मात्र शाबूत राहिला. हे तो अभिमानाने सांगे, पण फक्त बायकोला.)

त्याच आठवड्यात जेवताना बायकोने, नॅरेलने, पोरीचा विषय काढला. एल्सी साडेचार वर्षांची झाली, पुढच्या वर्षी शाळा, आणि अजून तिला अक्षर-अंकांची ओळख नाही. न्यू साउथ वेल्सच्या त्या टोकाला जवळचा शेजारी चाळीस किलोमीटरवर, तिथे बालवाडी कुठून आणायची? तेव्हा सुट्ट्या लागेपर्यंत पोरीला डबो शहरात लोरेनमावशीकडे ठेवावं. तिथे घरासमोरच बालवाडी आहे.

डबो म्हणजे पाच तासांचा रस्ता. ग्लेनने समोर पाहिलं. एल्सी वाटाणे एकेक करून टेबलाखाली कुत्र्याला पोचवत होती.

“मी शिकवतो की,” तो म्हणाला. “नाहीतरी सहा आठवडे बसूनच आहे.”

नॅरेल साठ किलोमीटरवरच्या दवाखान्यात नर्स होती. जखमेला घरच्या घरी ग्रीस चोपडून आलेल्या पेशंटकडे ती जशी पाहायची, तशी तिने नवऱ्याकडे पाहिलं. पण पोरीला धाडणं तिच्याही जिवावर आलं होतं. म्हणून असं ठरलं, की दूरच्या मुलांसाठी एक शाळा इंटरनेटवरून चालते, तिथल्या बाई सहा आठवड्यांनी घरी येऊन एल्सीला बघतील. त्या म्हणाल्या घरी ठीक आहे, तर घरी. नाहीतर डबो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात शाळा भरली. ग्लेनने भिंतीवर तक्ता लावला, पेन्सिलींना टोकं केली आणि स्वतःचे केसही विंचरले. सात मिनिटांत शाळा सुटली. एल्सीचं म्हणणं, घरात नसलेल्या ॲपलचं अक्षर शिकून काय करायचं. ग्लेनने तिला समजावलं, मग रागावला, मग बिस्किट दिलं. बिस्किट घेऊन विद्यार्थिनी टेबलाखाली कुत्र्याशेजारी जाऊन बसली. पेन्सिल कुत्र्याने खाल्ली.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी ग्लेनच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण पुस्तकातलं शिकवतोय, आणि पुस्तकातलं आपल्याला स्वतःलाच कधी आलं नाही. जे येतं ते शिकवावं. त्याने कुबड्या घेतल्या, एल्सीला टोपी घातली आणि शाळा मेंढ्यांच्या कोंडवाड्याच्या कुंपणावर हलवली.

तिथे मात्र पोरगी खुलली. फाटकातून मेंढ्या धावत सुटतात तेव्हा त्या एकेक करून मोजणं कुणाच्या बापाला जमत नाही. तीन-तीनच मोजाव्या लागतात. एल्सी पंधरवड्यात तीन-तीन मोजायला शिकली. मग रंग. मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचे तेलकट खडू ग्लेनकडे होतेच. निळी रेघ म्हणजे मेंढी ठेवायची, लाल रेघ म्हणजे विकायची, हिरवी म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. आणि निवड कशी करायची? तोंड उघडून दात बघायचे, चाल बघायची. दात पडलेली लाल, लंगडणारी लाल. शेवटी शेवटी एल्सी कुंपणावरूनच निवाडा द्यायची आणि ग्लेन मुकाट्याने रेघ ओढायचा. नॅरेलने विचारलं की तो म्हणे, शाळा छान चाललीय, एकदम बाईंसमोरच बघ.

सहा आठवडे संपले आणि मंगळवारी बाई आल्या. प्राइसबाई साठीच्या आसपासच्या, भल्या पहाटे गाडी काढून आलेल्या, अंगात स्वतः विणलेला दुधी रंगाचा स्वेटर. नॅरेल दवाखान्यातून दुपारपर्यंत परतणार होती. ग्लेनने चहा केला, केक कापला आणि कोपऱ्यात उभा राहिला. (बसला असता, पण बसलं की आपलीच परीक्षा आहे असं वाटायचं.)

बाईंनी टेबलावर बारा बटणं मांडली आणि एल्सीला मोजायला सांगितलं.

“तीन सहा नऊ बारा,” एल्सी एका दमात म्हणाली आणि बटणं हाताने पलीकडे लोटली. बाई आता पुढची बटणं सोडतात का, हे बघत ती थांबली.

एकेक करून मोजशील का, असं बाईंनी विचारलं. एल्सीने विचारलं, बटणं पळणार आहेत का? नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग मोजायची कशाला, ती इथेच असतील. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ग्लेनने उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला, पण त्याला सुलटंही जेमतेम यायचं.

मग बाईंनी लाल कार्ड दाखवलं. “हा कुठला रंग?”

“गेलं,” एल्सी म्हणाली.

“आणि हा निळा... म्हणजे, हा कुठला?”

“राहिलं.”

हिरव्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, “पुढच्या महिन्यात सांगते.”

ग्लेनने घसा साफ केला, पण बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. त्यांनी विषय बदलला, घरात कोण कोण आहे ते विचारलं. आई आहे, ती निळी, एल्सी म्हणाली. कुत्रा निळा. बाबा लंगडतो. यावर तिने वडिलांकडे पाहून एक सुस्कारा सोडला. मग खुर्चीवर उभी राहून तिने बाईंना तोंड उघडायला सांगितलं.

प्राइसबाईंनी चाळीस वर्षं मुलांत काढली होती. त्यांनी तोंड उघडलं. एल्सीने नीट आत पाहिलं. वरची कवळी जरा हलली. एल्सीने हळूच बाईंचा खांदा थोपटला, जसा आजाऱ्याचा थोपटतात.

आता काय होणार हे ग्लेनला कळायला हवं होतं. कळलंही, पण बाई पिशवीतून कागद काढायला वाकल्यानंतर. तोवर एल्सीने खिशातल्या तेलकट खडूने दुधी स्वेटरवर मानेपासून कमरेपर्यंत लालभडक रेघ ओढली होती. बाईंना पत्ता नव्हता. ग्लेनने सिंकवरचं ओलं फडकं घेतलं आणि एका पायावर उड्या मारत मागून गाठून, अगदी अलगद, पुसायला सुरुवात केली. तो खडू पावसातही टिकावा म्हणूनच बनवलेला असतो. ओल्या फडक्याने रेघेची वीतभर रुंद पट्टी झाली.

त्याच क्षणी नॅरेल दारात उभी राहिली. तिला दिसलं ते असं, की शाळेच्या बाई वाकलेल्या आहेत आणि तिचा नवरा एका पायावर उभा राहून त्यांची पाठ चोळतोय.

“ग्लेन,” ती म्हणाली. एवढंच. बावीस वर्षांच्या ओळखीत त्याने आपलं नाव इतकं थंड कधी ऐकलं नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. बाईंनी स्वेटर काढून पाहिला आणि त्या बराच वेळ पाहतच राहिल्या. ग्लेन कोंडवाड्यापासून सांगायला लागला आणि सांगता सांगता त्याला डबोच्या रस्त्याचे मैलाचे दगड दिसायला लागले. नॅरेल भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होती.

प्राइसबाईंनी त्याला मध्येच थांबवलं आणि त्या एल्सीकडे वळल्या. “मी लाल का?”

“दात गेलेत तुमचे,” एल्सी म्हणाली. तिच्या आवाजात दुष्टावा मुळीच नव्हता. “ट्रक येईल.”

“आणि समज, एखादी मेंढी लाल आहे, पण ती आवडते. मग?”

एल्सी म्हणाली, “मग बाबा तिला टाकीमागच्या कुरणात नेतो. आईला सांगायचं नसतं.”

नॅरेलने मान वर केली. “किती आहेत तिथे?”

ग्लेन म्हणाला, एखाददुसरी असेल. एल्सीने डोळे मिटले. “तीन, सहा,” ती म्हणाली आणि थांबली. मग तिने एक बोट वर केलं. “आणि ती एका डोळ्याची. सात.”

प्राइसबाईंनी वही पुढे ओढली आणि या वेळी बरंच लिहिलं. लिहिताना त्या हसत होत्या की कवळी हलत होती, हे ग्लेनला ठरवता येईना.

निकाल त्यांनी जाताना अंगणातच सांगितला. पोरीला मोजता येतं, निवडता येतं, का निवडलं ते सांगता येतं. रंगांची नावं शिकायला आठवडा पुरेल. तिला कुठेही पाठवायची गरज नाही. नॅरेलने तोंड फिरवून डोळे पुसले.

“काळजी तिची नाही,” गाडीची काच खाली करत बाई म्हणाल्या. “घरी शिकवणाऱ्या पालकांचा एक वर्ग असतो. पाच दिवसांचा, डबोला. यांना सोमवारी पाठवा.”

असा ग्लेन लोरेनकडे मुक्कामाला गेला. जाताना एल्सीने त्याच्या डब्यात दोन सँडविच भरली आणि धिटाईने राहा म्हणून बजावलं. सोमवारी संध्याकाळी घरी फोन वाजला तो तिनेच घेतला.

“रडलास?”

“छे.”

“कुणी मित्र झाला का तुझा?”

ग्लेनने जरा वेळ घेतला. “ग्रॅहम नावाचा एक आहे,” तो म्हणाला. “पण जेवायला तो दुसऱ्यांबरोबर बसला.”