वाघमारे काका आणि त्यांचे रिले

वाघमारे काकांच्या घरी पंख्याचं बटण दाबलं की पंखा लगेच फिरत नाही. आधी कपाटाच्या मागे कुठेतरी 'टक्' असा आवाज होतो आणि मग परवानगी मिळाल्यासारखा पंखा फिरायला लागतो. मिक्सरचं तसंच, दारावरच्या बेलचंही तसंच. पहिल्यांदा चहाला गेलो तेव्हा मला वाटलं, यांच्याकडे पाल फार चुकचुकते.

"पाल नाही, रिले," काका म्हणाले. "बटणावर लोड येता कामा नये. थेट जोडलं की मेलात. मध्ये रिले टाका."

रिले म्हणजे आगपेटीच्या अर्ध्या आकाराची काळी डबी. पातळ तारेतून जराशी वीज तिच्यात गेली की आतली पट्टी टक् करून चिकटते आणि जाड तारेतली मोठी वीज वाहायला लागते. म्हणजे हुकूम लहानाने द्यायचा, ओझं मोठ्याने उचलायचं. ही माहिती मला कधीच नको होती. पण काकांच्या शेजारी राहायचं तर ती घ्यावी लागते.

काका अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक मेंटेनन्सला होते. निवृत्त झाल्यावर सोनिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायला आले. कारखान्यातून माणूस बाहेर पडला, पण कारखाना माणसातून काही बाहेर पडला नाही. बुद्ध पौर्णिमेला त्यांच्या गॅलरीतल्या माळा लागतात, त्याही एकामागून एक टक्, टक्, टक् करत.

वीज सोडा, बोलण्यातसुद्धा काका कधी थेट जोडणी करत नाहीत. स्वतःला चहा हवा असला की समोरच्या पाहुण्याला मोठ्याने विचारायचे, "तुम्ही अर्धा कप घेणार ना?" मग आतून काकू दोन कप आणायच्या. पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार असली की मला सांगायचे, आणि मी ती सेक्रेटरी म्हात्र्यांपर्यंत पोचवायचो. लग्नाची मागणीसुद्धा त्यांनी स्वतःच्या बहिणीकरवी काकूंच्या मैत्रिणीमार्फत घातली होती, असं काकू हसत सांगायच्या. या बिल्डिंगमधला सगळ्यात जुना रिले मीच आहे.

काकांच्या घरात एकच गोष्ट थेट चालायची, ती म्हणजे काकू. सुमनकाकू शाळेत शिक्षिका होत्या. घरातली छोटी पांढरी गाडी त्यांची. त्यांनीच घेतली, त्याच चालवायच्या. काकांना गाडी येत नाही. बॉनेटखालची एकेक तार ते डोळे मिटून ओळखतील, पण क्लच कुठल्या पायाने दाबतात हे त्यांना कधी विचारू नये.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पायही हळूहळू सावरला, पण उजवा हात ऐकेना आणि बोलणं एकदोन शब्दांवर आलं. हातासाठी डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. काकूंनी तो दोनदा दाबला आणि तिसऱ्यांदा डाव्या हाताने गॅलरीतून खाली टाकला. तेव्हापासून त्या गॅलरीत खुर्चीवर बसून खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघत असायच्या. नाशिकहून मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, ती गाडी विकून टाका, आईला उगाच त्रास होतो बघून. सगळ्यांचंच तसं मत होतं. माझंही.

काकांनी गाडी विकली नाही. उलट एका सकाळी मला म्हणाले, "उल्हासनगरला जाणार होतात ना तुम्ही?" मी कुठेच जाणार नव्हतो. पण मी स्कूटर काढली.

उल्हासनगरच्या बाजारात गाड्यांच्या सामानाच्या दुकानात काकांनी गाडीचा अलार्म आणि रिमोटने इंजिन चालू करायचा संच मागितला. सिंधी दुकानदार खूश झाला. "काका, बढिया पीस है. फिटिंग के लिए आदमी भेजूं?"

काकांनी डबा काउंटरवरच उघडला. आतली तार चिमटीत धरून मला दाखवली. "ही बघा. ही तार आहे की शेवई? यातून स्टार्टरचा करंट नेणार म्हणे."

"साईं, सब लोग यही लगाते हैं," दुकानदार म्हणाला.

"सब लोग का गाडी जलेगा, हमारा नहीं जलेगा," काका म्हणाले. "बाहर से रिले डालेंगे. जाडी वायर दो. फ्यूज दो. रिले दो, लोड वाला." त्यांच्या हिंदीवर दुकानदार हसला नाही, कारण काकांचा चेहरा लग्नातल्या मुलीच्या बापासारखा गंभीर होता.

पुढचे पंधराएक दिवस पार्किंगमध्ये गाडीतून काकांचे फक्त पाय दिसायचे. बाकीचे काका डॅशबोर्डखाली. इग्निशनला वेगळा रिले, स्टार्टरला वेगळा, एसीला वेगळा. येणाराजाणारा विचारायचा, "काका, एवढी कोण चोरणार ही गाडी?" पायांकडून उत्तर यायचं, "विषय चोराचा नाही."

अलार्म मात्र आधी लागला आणि आमचे हाल सुरू झाले. गाडीला जरासा धक्का जाणवला की तो कोकलायचा. दुधाचा क्रेट खाली ठेवला की कोकलायचा. तिसऱ्या मजल्यावर मसाला कांडला की कोकलायचा. गावात हळद होती, तेव्हा डीजेच्या प्रत्येक ठोक्याला त्याने साथ दिली. दुसऱ्या दिवशी नवरदेवाकडची दोन पोरं गेटवर आली आणि म्हणाली, "काका, काल तुमचा बी आवाज जाम भारी व्हता." काकांना ते कौतुक वाटलं.

मग इंजिनाच्या चाचणीचा दिवस आला. काका रिमोट घेऊन गाडीच्या बाजूला उभे राहिले. आमचं पार्किंग उतारावर आहे, म्हणून काकू गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायच्या आणि पुढच्या चाकाला दगड लावायच्या. आजारपणाच्या आदल्या दिवशीही त्यांनी तशीच ठेवली होती. काकांनी सगळी गाडी सोलून पुन्हा जोडली होती, पण गिअरच्या दांड्याला हात लावला नव्हता. तो प्रांत काकूंचा. दगड मात्र त्यांनी स्वच्छतेच्या नादात उचलून ठेवला होता.

काकांनी बटण दाबलं. टक् झालं, आणि गाडी बेडकासारखी उडी मारत पुढे गेली. म्हात्र्यांची स्कूटर आडवी झाली, म्हात्रे ओरडले, अलार्म ओरडला. त्या गोंधळात वरून गॅलरीतून एक आवाज आला, "गि-अर!"

सगळ्यांनी वर पाहिलं. काकू कठड्याला धरून उभ्या होत्या आणि डाव्या हाताने कपाळ बडवत होत्या. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. काका खालून त्यांच्याकडे बघत राहिले. स्कूटर पडली आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

म्हात्रे मूळचे सोनिवलीचेच, मनाने चांगले, पण स्कूटर त्यांची होती. "काका, रविवारपर्यंत टायम देतो," ते म्हणाले. "सगल्यांसमोर नीट चालू करून दाखवा. नाय तर ही भानगड काढायची न् गाडी इकायची. चालवनारा नाय घरात, ठेवताव कशाला?"

शेवटचं वाक्य काकांना लागलं. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट बोलले. "मला न्यूट्रल म्हणजे काय ते दाखवा."

मी दाखवलं. दांडा मधोमध असला की तो डावी-उजवीकडे सैल हलतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं. मग आठवडाभर पाय परत डॅशबोर्डखाली. दांडा न्यूट्रलला नसेल किंवा हँडब्रेक ओढलेला नसेल, तर स्टार्टरच्या रिलेपर्यंत वीज पोचणारच नाही, अशी त्यांनी व्यवस्था केली. घरात पाहुणे आल्यासारखी काकूंनाही जाग आली होती. त्या रोज वरून बघत, आणि काकांनी चुकीचा पाना उचलला तरी "च्" करत.

रविवारी सकाळी सगळी सोसायटी जमली. म्हात्र्यांनी स्कूटर लांब नेऊन लावली होती. काकांनी हँडब्रेक ओढला, दांडा हलवून सगळ्यांना दाखवला, दगड लावला, दार बंद केलं आणि बाजूला उभे राहिले.

काही झालं नाही.

"काका, दाबा की," म्हात्रे म्हणाले.

काकांनी दोन्ही हात उघडून दाखवले. हात रिकामे होते. ते वर बघत होते.

गॅलरीत काकू बसल्या होत्या. रिमोट त्यांच्या उजव्या हातात होता. बोटं त्याच्याभोवती कशीबशी वळलेली, अंगठा बटणाशेजारी पडलेला. तो अंगठा बटणावर जायचा, घसरायचा, परत जायचा. मागे कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. डाव्या हाताने दाबलं असतं तर एका क्षणात झालं असतं. काकू डावा हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"सावकाश," काका खालून म्हणाले. "घाई नाही. आम्ही आहोत इथे."

रबरी चेंडू का फेकला गेला, ते मला तेव्हा कळलं. चेंडू दाबून काहीच होत नव्हतं. आणि एवढ्याशा हाताला एवढी मोठी गाडी उचलता यावी, म्हणून या माणसाने तीन आठवडे तारांमध्ये डोकं घातलं होतं. मी त्याला विक्षिप्त म्हणत होतो.

टक् झालं. स्टार्टर फिरला आणि इंजिन चालू झालं.

टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. म्हात्रे डोळे पुसत "ब्येस, ब्येस" एवढंच म्हणत राहिले. काका मात्र गाडीजवळ नुसते उभे होते, हाताचं काय करायचं ते न कळल्यासारखे.

"अहो," वरून आवाज आला. काकूंनी डाव्या हाताने गाडीकडे बोट दाखवलं. "ब-सा."

काकांनी गाडीला वळसा घातला, डावीकडचं दार उघडलं आणि आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसले. शेजारची काकूंची सीट रिकामी होती, इंजिन चालू होतं. त्यांनी शर्ट नीट केला, बेल्ट लावला आणि मांडीवर हात ठेवून ते समोर बघत बसले.