बारकं लय वंगाळ

मळवलीत बबनच्या दारावरून जाणाऱ्याला तो आधी ओट्यावर बसवतो आणि नडगीवर अंगठा दाबतो. खळगा लगेच भरला तर "जा," म्हणतो. नाही भरला तर पायात पाणी साठलंय म्हणून दवाखान्यात पाठवतो. तो ज्या बंगल्याची राखण करतो, त्याच्या मालकिणीचाही पाय त्यानं दाबला. तिनं ओरडून गल्ली गोळा केली.

त्याचं स्वतःचं हृदय दुबळं आहे. मीठ बंद. अंगात पाणी साठलं की वजन वाढतं, म्हणून रोज सकाळी दुकानात जाऊन भाताची पोती तोलायच्या काट्यावर उभा राहतो.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी अभ्यासासाठी रक्त घेतलं, तेव्हापासून तो जास्तच भ्याला. त्या म्हणाल्या होत्या, "पेशीत कामाचे निरोप फिरतात. मायक्रोआरएनए नावाचे अगदी बारके तुकडे त्यातले काही निरोप अडवतात. हृदय थकलं की हे तुकडे कमीजास्त होतात." बबननं एवढंच धरलं, की आत कुणीतरी बसलंय.

"मावशी, बिबट्या दिसतो तरी. बारकं लय वंगाळ," तो मला, शेजारणीला, म्हणाला.

तो मोठ्यानं बोलेना, मग हसेनाही.

"मेल्या, हसून कुणी मेलंय का?" मी म्हटलं.

"हळू बोला. त्यांना कळंल, मी अजून हाय."

परवा बाईंनी पुन्हा रक्त द्यायला पुण्याला बोलावलं. हा दवाखान्याच्या पायरीवरच बसला. "न्हाई जात मी." मी त्याला दंडाला धरून आत नेलं.

आपले किती दिवस उरले, हे त्यानं विचारलंच नाही. विचारलं हौसाचं. हौसा त्याची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. भातलावणीत तिचे पाय सुजले. चिखलात उभं राहून सगळ्यांचेच सुजतात, म्हणून हा रोज तेल चोळायचा. सूज पोटापर्यंत चढली, तरी चोळतच होता.

"बाई, तिच्या रक्तातलं बारकं बघितलं असतं, तर कळलं असतं का?"

"नाही हो. ही तपासणी अजून अभ्यासातच आहे. त्यावरून कुणालाच कळलं नसतं."

बबननं श्वास सोडला. "कुणालाच न्हाई ना?"

"त्यावरून नाही. पण पायाची सूज बघून..."

"बाई, आमची गाडी चुकंल," म्हणत मी उठले.

गाडीला अजून दीड तास होता.