टोक स्वच्छ नाही

तीस वर्षं सुईत दोरा ओवलेल्या बाईला केसाएवढी काच काय जड जाणार? हे शिंपीणबाईंनी जाऊबाईंना ऐकवलं होतं. नुसतं ऐकवलं नव्हतं, त्या भरात आपलं शिलाई मशीनही त्यांना देऊन टाकलं होतं, झाकणासकट. म्हणजे आज फायबर जोडणीच्या परीक्षेत नापास झालं, तर जाऊबाईंच्या दारात उभं राहून ते परत मागायचं. त्यापेक्षा समुद्राच्या तळाशी केबल टाकायला जाणं सोपं.

परीक्षा तशी साधी. बारा जोड, एक वाजेपर्यंत. काचेचा धागा सोलायचा, स्पिरिटनं पुसायचा, टोक सरळ कापायचं, जोडयंत्रात ठेवायचं. वर्गात सहा महिने हे काम जोडीनं चाललं होतं. सोलणं, पुसणं, कापणं बाईंकडे. टोक यंत्रात ठेवणं शेजारी बसणाऱ्या चष्मेवाल्या पोराकडे. आज सगळं ज्याचं त्यानं.

पहिला जोड. बाईंनी बटण दाबलं.

*टोक स्वच्छ नाही.*

पडद्यावर अक्षरंच उमटली, पण गिऱ्हाइकानं शिवलेला कपडा तोंडावर परत फेकावा तशी.

पुन्हा पुसलं, पुन्हा कापलं.

*टोक स्वच्छ नाही.*

इथे बाईंनी घाबरायला हवं होतं. त्यांना मात्र नवल वाटू लागलं. माझ्यावरच का याचा राग? त्यांनी बांगड्या काढल्या. स्टूल बदललं. श्वास रोखून पाहिला.

*टोक स्वच्छ नाही.*

"सर, हे मला ओळखतं," त्या म्हणाल्या.

सरांनी चष्मेवाल्याला एक टोक ठेवायला सांगितलं. यंत्रानं निमूट जोडलं.

"यंत्र ठीक आहे, ताई."

"मग बिघाड माझ्यात आहे का?"

सरांनी बाईंनी ठेवलेल्या पुढच्या टोकाचं चित्र मोठं केलं. धागा पडद्यावर नळाएवढा झाला आणि त्याच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता. सगळ्या वर्गाच्या माना एकदम छताकडे गेल्या.

"एसी गळतोय," कुणीतरी म्हणालं.

एसी बंद झाला. बाईंच्या डोक्यावर छत्री धरली गेली. पाच मिनिटांत सगळे घामानं निथळले, तेव्हा तो थेंब घामाचा ठरला. म्हणून एकानं पंखा लावला आणि टेबलांवरचे बारीक तुकडे उडाले.

"पंखा बंद! काच आहे ती!"

मग चिकटपट्टीनं टेबलं टिपणं. बारा वाजून वीस मिनिटं. बाईंच्या नावावर जोड शून्य. डोळ्यांपुढे जाऊबाईंचं दार.

"ताई," सर म्हणाले, "पहिल्यापासून करा. अगदी हळू."

सगळे भोवती उभे राहिले. बाईंनी धागा सोलला. पुसला. कापला. मग टोक यंत्राकडे निघालं आणि वाटेत…

"थांबा," सर म्हणाले. "आत्ता ते कुठे गेलं होतं?"

"यंत्रात."

"त्याआधी?"

"त्याआधी कुठे जाणार? सरळच आलं की."

बाईंना खरंच ठाऊक नव्हतं. शेवटी चष्मेवाल्यानंच मान खाली घालून सांगितलं, "मावशी, तुम्ही ते ओठांत ओलं केलंत."

सगळा वर्ग बाईंच्या ओठांकडे बघू लागला.

सरांनी टॉर्च घेऊन बाईंचे ओठ तपासले. "काही टोचतंय?"

"एवढी माणसं टक लावून बघताहेत, तेवढंच."

नशीब, ओठ शाबूत होते. बाईंच्या तोंडावर मास्क चढला, वर चष्मेवाल्यानं खबरदारी म्हणून चिकटपट्टीही लावली. मग जे हात सुटले! एकाला दोन मिनिटं कमी असताना बारावा जोड लागला आणि यंत्राला एकाही जोडात खोट काढता आली नाही.

"पास," सर सही करताना म्हणाले. कागदावर वाकताना त्यांच्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं. बाईंच्या पर्समध्ये सुईदोरा कायमचाच.

त्यांनी दोरा स्पिरिटनं तीनदा पुसला. टोक अगदी सरळ कापलं. सुईत ओवायला गेल्या. जाईना. पुन्हा कापलं. जाईना. सात वेळा जाईना. टोक पिसाऱ्यासारखं फुललं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

सरांनी वर्गावर एक नजर फिरवली. सगळे आवराआवरीत होते.

"द्या इकडे," ते हळूच म्हणाले आणि दोऱ्याचं टोक त्यांनी स्वतःच्या ओठांत धरलं.