मशीनवर झोपवलेला मल्हारी

"बाबा, झोपलाच नाही तर मशीन चालवा. पण आधी त्या चाकाचा मधला..."

"तू जा गं मैना, बस चुकेल! चाळीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय मी. एक पोर झोपवता येणार नाही होय?"

सून मैना आजारी आईला भेटायला त्र्यंबकला गेली. नाशिकरोडच्या त्या दोन खोल्यांत उरले सावळीराम मास्तर, त्यांचा दोन वर्षांचा नातू मल्हारी आणि आतल्या खोलीत झोपलेला मुलगा गोरक्ष.

मास्तरांचा जीव त्या आतल्या खोलीत अडकला होता. गोरक्षला कारखान्यात रात्रपाळी होती. गेल्या आठवड्यात ड्यूटीवर डुलकी लागली आणि साहेबांनी मेमो हातात ठेवला. पुन्हा डोळा लागला तर सरळ सस्पेंड. म्हणजे दिवसा गोरक्ष झोपायला हवा, आणि त्यासाठी आधी मल्हारी झोपायला हवा. कारण मल्हारीने भोकाड पसरलं की चार घरांपलीकडची माणसं उठून बसत.

मास्तरांनी पाढे काढले. वर्गात दुपारी बेचा पाढा चालीवर म्हटला की दहा येईपर्यंत अर्धी मुलं पेंगत.

"बे एके बे, बे दुणे चार..."

मल्हारी ताडकन उठून बसला. "बे!"

"हळू रे राजा."

"बेऽऽ!" मल्हारी करडासारखा ओरडला. आत पलंग करकरला.

मास्तरांनी घाईघाईने पाढा सोडला आणि रिकाम्या डब्यावर बोटांनी संथ ठेका धरला. मल्हारीला तो फारच आवडला. तो जाऊन पळी घेऊन आला. मास्तरांनी पळी काढून घेतली, तसा त्याचा खालचा ओठ पुढे आला.

"आई... खटक-खटक," त्याने शिलाई मशीनकडे बोट दाखवलं.

मास्तरांना हायसं वाटलं. मैना रोज दुपारी तीन-तीन तास मशीनवर बसे. घासलेटच्या रांगेत उभं राहून त्यांनी सुनेच्या कष्टांचं कौतुक कितीदा केलं होतं! ते मशीनवर बसले आणि पाय हलवू लागले. खटक-खटक, खटक-खटक. मल्हारीच्या पापण्या जड झाल्या. पाच मिनिटांत तो गोधडीवर आडवा झाला, आणि आतून गोरक्षचं घोरणंही सुरू झालं.

मग मास्तरांचं लक्ष सुईकडे गेलं. तिच्याखाली शेजारच्या सिंधुबाईंचा ब्लाऊज होता. एक बाही पार शिवून बंद झाली होती.

त्यांनी पाय थांबवले. मल्हारीने एक डोळा उघडला. मास्तरांचे पाय आपोआप पुन्हा चालू झाले.

ब्लाऊज संपला तसा दोऱ्याचा गुंता झाला आणि चाक अडकलं. मल्हारी कण्हला. मास्तरांनी गुंता कसाबसा ओढून काढला आणि हाताला लागला तो उशीचा अभ्रा सुईखाली सरकवला. अभ्र्यानंतर टॉवेल. टॉवेल संपत आला तसं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हाताच्या अंतरावर दोरीवर एकच कपडा होता, गोरक्षची रात्रीच्या ड्यूटीची इस्त्रीची पँट. मास्तरांनी डोळे मिटून ती ओढली.

तेवढ्यात खिडकीत सिंधुबाई उगवल्या. "मास्तर, माझा ब्लाऊज झाला का हो? संध्याकाळी पुतणीचा साखरपुडा आहे."

"शूऽऽ! तुमचंच चाललंय."

"अगंबाई! आता तुम्ही शिवता?"

"जरा... हातभार लावतोय."

"गळा फार मोठा नको हं."

"मुळीच नाही," मास्तर म्हणाले, आणि ते खरंच होतं. गळा केव्हाच बंद झाला होता.

पाच वाजता मैना दारात येऊन थबकली. मशीनच्या मागून जमिनीवर ब्लाऊज, अभ्रा, टॉवेल आणि पँट अशी एकसंध माळ पसरली होती. पँटच्या मागोमाग एक धोतर सुईखाली शिरलं होतं. त्याचं दुसरं टोक मास्तरांच्या कमरेला होतं.

"बाबा, थांबा!"

"थांबता येत नाही."

"मग उठा तरी."

"उठताही येत नाही."

मैनाने हात लांबवून चाकाच्या मधला छोटा स्क्रू फिरवला. सुई जागच्या जागी थांबली. मास्तरांचे पाय मात्र चालतच होते आणि खटक-खटकही.

"जाताना हेच सांगत होते. हा ढिला केला की सुई थांबते. नुसतं चाक फिरतं."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे तू रोज दुपारी तीन तास..."

"महिन्याला चार ब्लाऊज येतात, बाबा. तीन-तीन तास काय शिवणार? ह्या बापलेकांना झोपवते."

पुरतं ऐकून घ्या आणि मगच बोट वर करा, हे मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांना बजावलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

आतून आळसावलेला आवाज आला. "मैना, आज काय मस्त झोप लागली गं! आता रात्रभर टक्क जागा राहतो बघ. माझी पँट कुठंय?"

मैनाने पदर खोचला आणि ब्लेड घेऊन जमिनीवर बसली. "आधी पँट उसवते, मग सिंधुबाईंचा ब्लाऊज."

"आणि माझं धोतर?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"ते शेवटी. तुम्ही पाय चालू ठेवा, बाबा. मल्हारी अजून झोपलाय."