गटार कुठून न्यायचं

तुमिनीबाईंच्या घरचं पाणी हार्सोयो गुरुजींच्या अंगणात शिरायला लागून तीन वर्षं झाली होती, आणि त्या पाण्याने खरा कोणाचा जीव मेटाकुटीला आणला असेल तर तो गल्लीप्रमुख सार्जिमान यांचा.

तुमिनीबाई घरी टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, करून विकायच्या. सोयाबीन भिजवल्याचं ते आंबूस पाणी उताराने थेट गुरुजींच्या कवडा पक्ष्यांच्या पिंजऱ्याखाली जायचं. गुरुजींनी चार विटांचा बांध घातला. पाणी तुंबून बाईंच्या स्वयंपाकघरात आलं. बाईंनी दोन विटा काढल्या, गुरुजींनी सहा लावल्या. आमच्या जावा बेटावर, सोलो शहराकडे, भांडणसुद्धा हसतमुखाने करतात. दोघं रस्त्यात भेटली की एकमेकांना ‘जेवलात का’ विचारायची आणि मग वेगवेगळ्या वेळी येऊन सार्जिमान यांचं डोकं खायची.

गल्लीप्रमुख झाल्यापासून अकरा वर्षं त्यांचं असलंच काही ना काही चाललं होतं. पद बिनपगारी आणि कटकट पूर्णवेळ. सार्जिमान यांना आता एवढंच हवं होतं की येत्या रविवारच्या निवडीत हे लोढणं गळ्यातून उतरावं आणि मागच्या अंगणातल्या तळ्याकाठी बसून माशांना खाणं टाकावं. पण पद घ्यायला कोणी पुढे येईना. आधी ते पाण्याचं मिटवा, मग बघू, असं जो तो म्हणायचा.

शुक्रवारी त्यांनी दोघांना ओसरीवर बोलावलं. आमच्याकडे हात वर करून निकाल लागत नाही, सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. त्यामुळे दोन तास चहा झाला, तळलेली केळी झाली, सगळ्यांच्या गुडघेदुखीवर बोलणं झालं. पाण्याचा विषय निघाला की गुरुजी म्हणायचे, बाईंना चालेल ते मला चालेल. बाईही तेच म्हणायच्या. याचा अर्थ कोणालाच काही चालणार नव्हतं.

शेवटी सार्जिमान वैतागले. दोघांना जरा लाज वाटावी म्हणून ते म्हणाले, “मग असं करा, गटार माझ्या अंगणातून न्या.”

“छे छे, असं कसं,” गुरुजी म्हणाले. बाईंनीही कानाला हात लावले.

इथेच गप्प बसायचं होतं. पण एकदाच आग्रह करणारा माणूस वरवरचं बोलतो असं आमच्याकडे समजतात. आग्रह तीनदा करायचा, समोरच्याने दोनदा नको म्हणायचं, हे सार्जिमान यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. “अहो, संकोच कसला,” ते बोलून गेले. दोघांनी पुन्हा नको म्हटलं. आत त्यांच्या बायकोने, लास्मीने, कपबश्यांचं तबक आपटलं, पण उशीर झाला होता. “अगदी मनापासून सांगतोय,” सार्जिमान म्हणाले.

गुरुजींनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी गुरुजींकडे. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

“एवढं म्हणताय तर तुमचं मन कसं मोडायचं?” बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी अख्खी गल्ली कुदळी घेऊन श्रमदानाला आली. तळं नेमकं वाटेत येत होतं. ते बुजवलं, मासे तळले आणि दुपारच्या पंगतीला वाढले. सगळ्यांनी चवीचं कौतुक केलं. सार्जिमान यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्यांनी मिरची तिखट असल्याचं सांगितलं. लास्मी म्हणाली, “मिरची मी घातलीच नाही.”

पंगतीनंतर निवड. गुरुजी उठले आणि म्हणाले, गल्लीसाठी स्वतःचं अंगण देणारा माणूस असताना दुसरं नाव कशाला?

“नको हो. मी खरंच थकलोय,” सार्जिमान म्हणाले. लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या.

गुरुजींनी पुन्हा विचारलं. “हात जोडतो, मला सोडा,” सार्जिमान कळवळून म्हणाले. माणूस किती विनयशील, असं तुमिनीबाई शेजारणीला म्हणाल्या.

मग गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारलं. सगळी गल्ली टाळ्या वाजवायला हात उचलून थांबली होती. सार्जिमान यांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुमची इच्छा.”

सोमवारी सकाळी मागच्या घरचे सुकीर्मान आले. नव्या गटाराचं पाणी त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात शिरत होतं. तक्रार सार्जिमान यांच्याविरुद्ध होती. गल्लीप्रमुखांनी ती ऐकून घेतली, चहा मागवला आणि दोन्ही बाजूंना शुक्रवारी बोलावलं.